दस्त्यातला डावा हात

आमच्या घरात मला डाव्या हातानं जेवायची मुभा नव्हती. जन्मच तसा माझा. काही उचलायचं म्हणलं की डावा हात आधी पुढं. जेवायला बसले की माय माझा डावा हात चिंधीनं कमरेला बांधायची अन् मंग भाकर वाढायची. रागानं न्हाई करत. लोकांची लाज वाटायची तिला. या पोरीला कोण करून घेईल म्हणायची, अन् गाठ अजून आवळायची.

बाप मी लहान असतानाच पटकीत गेला. त्याच्या आधी आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतल्ता, म्हून आम्ही किरिस्ताव. हसनाबादजवळ आमचं खेडं. घर एक, चुली दोन. एक चुलत्याची, एक आमची. चुलत्याकडं बैल व्हते, आमच्याकडं मायचे हात. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायची अन् गावातल्या मुसलमान पाटलाच्या घरी दळायला जायची. मलाबी संगं न्यायची. तिथं एकदा पाटलीणबाईनं पाणी मागितलं अन् मी लोटा डाव्या हातानं पुढं केला. तिनं तो असा झटकला की पाणी माझ्या तोंडावर अन् लोटा अंगणात. मायनं तिथल्या तिथं मला बडवलं. मंग घरी जाताना समजावून सांगितलं, या लोकांला काही द्यायचं तर उजव्या हातानं, अन् आदाब करायचा तर वाकून, उजवा हात कपाळापाशी नेऊन. डावा हात पुढं केला म्हंजी शिवी दिल्यासारखं. ते मी कधी विसरले न्हाई.

चुलत्याची पोरगी अन् मी बराबरीच्या. ती पेरणीच्या आधी जन्मली अन् मी सुगीत, तेवढ्यावरून मला तिला अक्का म्हणावं लागायचं. मायचा हुकूम व्हता, कारण चुलत्याच्या आसऱ्यानं राहायचं व्हतं. अक्काचे केस कमरेपातूर. चुलती तिला दारात बसवून तेल लावायची, येणी घालायची. माझी माय त्या येळेला रानात असायची. मी जात्यापाशी बसून बघायचे. माझ्या डोक्यात नुसता भुसा उडायचा.

मिशनचे फादर घोड्यावरून आमच्या खेड्यात मिस्सा, म्हंजी आमची उपासना, करायला यायचे. त्यांनी चुलत्याला सांगितलं, पोरीला जालन्याच्या शाळेत धाड, तिथंच राहील, खाईल, शिकेल. चुलत्यानं अक्काला धाडायचं ठरवलं. पण अक्का एकटी जाईना, रडून राह्यली, जेवण सोडलं. तवा मला संगतीला धाडलं. म्हंजी मी शिकायला गेले न्हाई, संगतीला गेले. हे मला बैलगाडीत बसतानाच ठाऊक व्हतं अन् शाळेतबी ते कधी सुटलं न्हाई. तिचा पेटारा पत्र्याचा, माझं गाठोडं.

शाळा जालन्यातल्या मस्तगडाच्या पलीकडं, मोकळ्या जागेत. एक लांब बैठं घर, त्याला कवेलू, शेजारी देऊळ, म्हंजी आमचं चर्च, अन् मधी विहीर. पहाटं घंटा व्हायची. मिस्सा, मंग झाडलोट, मंग शाळा, मंग सैपाकघर. मी दोन-तीन बुकं शिकले, तीबी धड न्हाई. अक्षरं मला उलटी दिसायची अन् पाटीवर डावा हात चालवला की मास्तरणीची छडी बसायची. अक्का मात्र पाण्यासारखी वाचायची. मिस्सेतली लॅटिन गाणी तर अशी म्हणायची की फादर मान वळवून बघायचे. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, मलाबी न्हाई. पण तिच्या तोंडात ते गोड लागायचं.

तिथं एक गोरी सिस्टर व्हती. तिचा मुलूख कोणता ते मला आजबी माहीत न्हाई. मराठी बोलायची, पण पोरीला 'तू आला का' म्हणायची. तिनं मोठ्या पोरींचा दस्ता काढला. त्याला तिचं इंग्रजी नाव व्हतं, आमच्या जिभेला ते वळायचं न्हाई, म्हून आम्ही आपलं दस्ता म्हणायचो. शनिवारी दुपारी पांढरा झगा घालून रांगेत उभं राहायचं. आधी मरियामातेची प्रार्थना, मंग कवायत, मंग दोरीच्या गाठी, जखमेला पट्टी कशी बांधायची ते, अन् दोन बांबू अन् पोतं घेऊन आजारी माणसाची डोली कशी करायची ते. ज्या पोरीला सगळं आलं, जिला माळेची सगळी प्रार्थना न अडखळता आली, तिला निळा पट्टा. तो खांद्यावरून तिरपा घ्यायचा. पट्टा मिळाला की सिस्टरच्या संगं गावात सेवेला जाता यायचं. म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं अंग पुसायचं, जखमा धुवायच्या, पाणी भरून द्यायचं.

पट्टा मलाबी मिळाला. गाठी मी सगळ्यांच्या आधी शिकले. सगळ्या पोरी करायच्या त्याच्या उलट्या बाजूनं माझी गाठ बसायची, पण सुटायची न्हाई.

एका शनिवारी सिस्टरनं नवीन कायदा सांगितला. दस्त्यातल्या पोरी एकमेकीला भेटल्या की हात मिळवायचा, अन् तो डावा. डावा हात काळजाच्या बाजूचा, अन् उजवा सलामीला मोकळा राह्यला पाहिजे, असं तिचं म्हणणं. पोरी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. अंबडकडची एक पोरगी लई तोंडाळ व्हती. ती म्हणली,

"सिस्टर, या हातानं आम्ही सकाळी काय करतो ते तुमाला ठाऊक हाय का?"

पोरी हसून हसून खाली बसल्या. सिस्टरला कळायला येळ लागला. कळलं तशी कानापातूर लाल झाली, पण हटली न्हाई. म्हणली, "देवानं हात दोन दिले. एक चांगला अन् एक वाईट, असं त्यानं कुठं सांगितलं न्हाई."

अन् तिनं आपला डावा हात पुढं केला, कोण घेतं ते बघायला. कोणी घेईना. अक्कानं तर दोन्ही हात पाठीमागं नेले. मी रांगेतून पुढं गेले अन् घेतला. तिचा हात गरम अन् खरबरीत व्हता. मला वाटलं व्हतं मऊ असंल.

"शाबास," ती म्हणली. "हा पोरगी बघा."

माझ्या डाव्या हाताला कोणी शाबास म्हणलं असं ते पहिलंच. त्या दिवशी जेवताना मी तो हात मांडीवर मोकळा ठेवला अन् त्याच्याकडंच बघत राह्यले. मंग सिस्टरनं सगळ्यांकडून तो कायदा पक्का करून घेतला. अक्काकडून तर किती येळा. तिचा हात पुढं यायचा अन् अर्ध्यात लाजून मागं फिरायचा. सिस्टर म्हणायची, लाजायचं न्हाई, अन् समोरच्यानं हात घेतल्याबिगर आपला मागं घ्यायचा न्हाई. रोज सांगायची. शेवटी अक्काच्या अंगात ते बसलं.

त्याच पावसाळ्यात सिस्टरनं दुसरी गोष्ट सांगितली. मिशनच्या मोठ्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला आमच्या शाळेतून एक पोरगी घेणार व्हते. एकच. नाताळ झाला की धाडायची. बाकीच्यांनी आपल्या घरी जायचं.

घरी माझ्यासाठी काय वाढून ठेवलंय ते मला माहीत व्हतं. चुलत्यानं एक बिजवर बघून ठेवल्ता. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेल्ती, पोरं लहान व्हती अन् त्याचे पुढचे दात पडले व्हते. बिनबापाची, डावखुरी पोरगी, दुसरं कोण करणार व्हतं? अक्काला तसला धाक नव्हता. तिच्यामागं बाप व्हता, बैल व्हते, येणी व्हती. ती दवाखान्यात न गेली तरी तिचं काही अडत नव्हतं. माझं सगळं त्या एका जागेवर व्हतं. मी मिस्सेत गुडघे टेकले की मरियामातेला दुसरं काही मागायचेच न्हाई.

मंग दस्त्याची पुढारी निवडायचा दिवस आला. पोरी म्हणायच्या, जी पुढारी होईल तीच दवाखान्यात जाईल, दुसरं काय. मी आपली मनात धरून बसले व्हते. गाठी मला येतात, पट्टी मला बांधता येते, सिस्टरचा हात पहिला मी घेतला. सिस्टरनं अक्काला पुढं बोलावलं. तिच्या गळ्यात शिट्टी घातली अन् तिच्या निळ्या पट्ट्याला पांढरी किनार शिवलेली व्हती. आदल्या दिवशी मीच सैपाकघरातून सिस्टरला सुई-दोरा नेऊन दिल्ता. कशाला पाहिजे ते मी इचारलं न्हाई.

अक्काचा आवाज मोठा व्हता, ती उंच व्हती, हे खरं. तिनं शिट्टी वाजवली की आम्ही उजवीकडं वळायचो, परत वाजवली की डावीकडं. माझं अंग आपसूक वळायचं अन् मन जागच्या जागी उभं राहायचं.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. पण अक्का वाईट नव्हती. चुलती गावाहून तिला तेल धाडायची. त्या रविवारी तिनं मला धरून बसवलं.

"डोकं दे इकडं. किती कोरडं झालंय."

मी म्हणलं, "नको. तुझ्या मायनं तुला धाडलंय."

"तेलावर कुणाचं नाव असतं का? बस गुमान."

हसत हसत तिनं अख्ख्या डोक्याला चोळलं, बारीक येणी घातली अन् वरून म्हणली, आता कशी माणसावानी दिसतीस. तेल डोक्याला गार लागत व्हतं अन् मी आतून जळून राह्यले. येणी मी पाठ फिरताच सोडली.

सेवेला आम्ही मस्तगडाच्या गल्ल्यांतून जायचो. पट्टे घातलेल्या पोरी रांगेनं चालल्या की दुकानदार तागडी हातात धरून बघायचे. सगळ्यात पुढं अक्का. तिथं एका म्हातारीच्या पायाला नारू झाल्ता. आता नारू कोणाला माहीत न्हाई. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिलं की व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा किडा निघतो, तो एका काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. घाई केली अन् तुटला की पाय सडला म्हून समजा. सिस्टरनं काडी अक्काच्या हातात दिली. पुढारी ना ती. अक्कानं बघितलं अन् तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. भिंतीला धरून ओकत व्हती ते आत ऐकू येत व्हतं. काडी मी घेतली. डाव्या हातानं हळूच एक वेढा दिला. म्हातारी म्हणली, हिचा हात हलका हाय बाई. तवापासून तो पाय मीच सांभाळला, नारू पुरा निघेपातूर.

पण संध्याकाळी फादरला काय काय केलं ते सांगायचं काम पुढारीचं. अक्का म्हणायची, आज आम्ही म्हातारीचा नारू गुंडाळला. आम्ही. खोटं न्हाई त्यात, दस्त्याची तशीच रीत व्हती, एकीचं काम ते सगळ्यांचं. फादर तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. तो हात सगळ्यांसाठीच व्हता म्हणतात. पण डोकं तिचं व्हतं.

आता बेगमसाहेबांची गोष्ट. अंबडला निजामसरकारचे एक मोठे अंमलदार व्हते. त्यांची लहानी पोरगी तापानं हातची जायला आल्ती, ती मिशनच्या दवाखान्यात बरी झाली. म्हून बेगम स्वतः शाळेत मिठाई घेऊन यायच्या व्हत्या. सिस्टरला लई आनंद. तिनं ठरवलं, दस्ता सलामी देईल. बेगम पडद्याच्या, म्हून त्या दिवशी आवारातून सगळी पुरुष माणसं काढली. फादर चर्चमागच्या खोलीत जाऊन बसले. म्हाताऱ्या माळ्यालाबी बाहेर धाडलं, त्यानं लई कुरकूर केली की मला तर दिसत बी न्हाई.

पडदे लावलेला टांगा आत आला. बेगम उतरल्या, बुरख्याचं तोंडावरचं कापड वर केलं. गोरीपान बाई, अंगाला अत्तराचा वास. अक्कानं शिट्टी वाजवली, आम्ही सलामी दिली. सगळं बराबर झालं. मंग अक्का पुढं गेली अन् शिकवल्यापरमाणं आपला डावा हात त्यांच्यापुढं धरला.

सिस्टरच्या ध्यानात ते आलं नव्हतं. तिच्या मुलखात तसं काही नसंल. अक्काच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. ती कधी दुसऱ्याच्या घरी दळायला गेल्तीच न्हाई. अन् मला बी आधी सुचलं न्हाई. सुचलं असतं तर सांगितलं असतं का, ते मला सांगता यायचं न्हाई.

बेगम एक पाऊल मागं सरकल्या. त्यांच्या संगतीची बाई बोलली, "ये क्या बदतमीजी है? बायाँ हात?"

सिस्टर आपल्या मोडक्या बोलीत काहीतरी सांगायला लागली, ते कोणाला कळंना. अन् अक्काचा हात हवेत तसाच. समोरच्यानं घेतल्याबिगर मागं घ्यायचा न्हाई, हे तिच्या अंगात बसलं व्हतं. तोंड पांढरं पडलं, डोळ्यात पाणी आलं, पण हात मागं येईना.

मला बरं वाटलं. मी ते लपवत न्हाई. त्या पांढऱ्या किनारीकडं बघून मला आतून थंड वाटलं. मंग मी रांगेतून पुढं गेले, वाकले, उजवा हात कपाळापाशी नेऊन आदाब केला अन् पाटलाच्या घरी शिकलेल्या बोलीत म्हणलं,

"कसूर माफ, बेगमसाब. इनके कायदे में ये दिल के बाजू का हात है. इज्जत के वास्ते देते."

बेगमनं माझ्याकडं बघितलं. मंग अक्काच्या हाताकडं. अन् हसल्या. त्या हसल्या तशी सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी पहिली मिठाई मला दिली, वरून आपल्या डबीतला वेलदोडाबी दिला.

"किसकी लडकी है ये?" त्यांनी सिस्टरला इचारलं. "होशियार है."

वेलदोडा मी लवकर चावला न्हाई, गालात धरून ठेवला. मला वाटलं, झालं आता. आता किनारीचा पट्टा माझा, जागा माझी. टांगा गेल्यावर मी सिस्टरला हुडकत चर्चमधी गेले. तिथं बाकावर अक्का बसल्ती, रडून रडून नाक लाल. अन् सिस्टर तिच्या शेजारी, तिला पोटाशी धरून. चूक माझा, चूक माझा, असं म्हणून राह्यली. मी दारात उभी. सिस्टरनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, हसली, अन् परत अक्काच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

मला शाळेत आल्यापासून कोणी पोटाशी धरलं नव्हतं. चुकले न्हाई म्हून धरलं न्हाई. वेलदोड्याची सालं तोंडात राह्यली व्हती, ती बाहेर जाऊन थुंकले.

आठवडा झाला न झाला तर अंबडहून निरोप आला. बेगमला ती आदाब करणारी पोरगी घरकामाला पाहिजे. सिस्टरच्या मनात नव्हतं. ती फादरशी लई येळ बोलली. पण एवढ्या मोठ्या अंमलदाराच्या घरचा निरोप, त्याला न्हाई कोण म्हणणार? त्यांनी माझ्या घरी कळवलं. माय अन् चुलता गाडी जुंपून आले. चुलत्यानं ऐकलं अन् लगेच हो म्हून मान हलवली. लई लवकर हलवली, असं मला तवाबी वाटलं अन् आताबी वाटतं. मी कोपऱ्यात मायला म्हणलं, मला दवाखान्यात जायचंय. माय माझ्याकडं बघत राह्यली. तिचे हात दळून दळून फुटले व्हते.

"तिथं पोटभर खाशील," ती म्हणली. "अन् बिजवर तरी टळला. तुपलं नशीब समज."

मला कोणी दुसरं काही इचारलं न्हाई. मी पट्टा धुतला, वाळवला, घडी करून सिस्टरच्या हातात दिला. तिनं मला गळ्यातली माळ काढून दिली, अन् तोंडानं काही म्हणली ते तिच्या बोलीत. फाटकातून गाडी निघाली तवा शनिवारची दुपार व्हती. मागं अक्काची शिट्टी वाजत व्हती. नाताळानंतर ती दवाखान्यात गेली, हे मला अंबडला कळलं.

बेगमच्या घरी मार न्हाई खाल्ला. पोटभर रोटी मिळाली, हे बी खरं. मसाला वाटायचा, पोरांला खेळवायचं, भांडी, धुणं, बेगमच्या पायाला तेल. उन्हाळ्यात पंखा ओढायचा. अंबडला आमचं चर्च नव्हतं. रविवारी मी उजव्या हातानं पंख्याची दोरी ओढत डाव्या हाताच्या बोटांवर प्रार्थना मोजायचे, माळ बाहेर काढली की पोरं ओढायची म्हून. मोठी लढाई चालू व्हती, रॉकेल मिळंना, कापड मिळंना. बेगमचे जुने कुर्ते उसवून मी माझे झगे शिवले. त्यात एक निळा व्हता. तो मी घातला न्हाई, त्याची लहान पोरीला गोधडी केली. पुढं राज्य गेलं, साहेबाचं बिऱ्हाड हैदराबादला गेलं, मी खेड्यात आले अन् माझं लगीन झालं, ते सगळं नंतरचं. मला त्याच्या आधीचं सांगायचंय.

बेगमला परत दिवस गेल्ते. नववा भरला अन् दाई म्हणली, पोर आडवं हाय, मला जमायचं न्हाई. साहेबानं जालन्याला मिशनच्या दवाखान्यात मोटार धाडली. दुपारपातूर मोटार आली. त्यातून पांढऱ्या साडीतली नर्स उतरली, हातात कातड्याची पिशवी. येणी न्हाई, अंबाडा. मी दारात गरम पाण्याचं पातेलं धरून उभी व्हते. तिनं मला वळखलं. मीबी वळखलं. बोलायला येळ नव्हता.

बेगमनं तिला वळखलं न्हाई. जिचा हात बघून पाऊल मागं घेतल्तं, तीच त्या दुपारी आत गेली अन् बेगम तिचा तोच हात घट्ट धरून ओरडत व्हत्या. मी पाणी नेत व्हते, कापडं आणत व्हते, काढत व्हते. नारू बघून ओकणारी अक्का, तिच्या कोपरापातूर रगत अन् तोंडावर काही न्हाई. तिनं पोर फिरवलं. पोरगा झाला. मोठ्यानं रडला. बेगमच्या संगतीच्या बाईनं अक्काला खुर्ची दिली, 'बसा सिस्टर' म्हणली. मला म्हणली, हात धुवायला पानी दे.

मागच्या अंगणात मोरीपाशी अक्का खाली वाकली अन् मी लोट्यानं पाणी घालायला लागले. तिथं कोणी नव्हतं म्हून लोटा डाव्या हातात व्हता. घरातल्यांच्या समोर मी तसा धरत नव्हते. तिनं साबण चोळला. मिशनचा साबण, कार्बोलिकचा वास.

"वाळलीस गं," ती म्हणली.

"तू न्हाई वाळलीस."

ती हसली. "तोंड तसंच हाय तुझं. डोक्याला तेल लावतीस का?"

"बेगमच्या पायाला लावते. उरलं तर डोक्याला."

ती साबण चोळत राह्यली. मान वर न करता म्हणली, "तुला एक सांगायचं राह्यलंय. सिस्टरनं दवाखान्यासाठी आधी तुझं नाव धरल्तं. हिचा हात चांगला म्हणायची. मला पुढारी केलं ते आवाजासाठी. तू अंबडला आलीस, म्हून मला धाडलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सिस्टरनंच. मी निघाले त्या दिवशी."

खरं असंल. का माझं मन राखायला बोलली असंल, ती तशीच व्हती. खरं असंल तर मग मी त्या दिवशी रांगेत उभी राह्यले असते, आदाब केला नसता, अक्काच्या हाताला हवेत तसंच राहू दिलं असतं, तर ती पांढरी साडी माझ्या अंगावर असती. अन् खोटं असंल तर तिनं मला अजून एकदा तेल लावलं. दोन्हीतलं कोणतं बरं, ते मला ठरवता आलं न्हाई. एवढं मात्र मला कळलं की तिनं सांगितलं नसतं तर मी जरा सुखानं राह्यले असते.

अक्का उभी राह्यली. तिनं आपला डावा हात माझ्यापुढं धरला. ओला, कोपरापातूर साबणाचा फेस. दस्त्याचा हात. तिच्या तोंडावर तेच हसू, डोक्याला तेल चोळताना असायचं ते.

माझा डावा हात मोकळा नव्हता, त्यात लोटा व्हता. लोटा उजव्या हातात घेता आला असता. मी घेतला न्हाई.

तिचा हात तसाच राह्यला. समोरच्यानं घेतल्याबिगर मागं घ्यायचा न्हाई, ते तिच्या अंगातून अजून गेलं नव्हतं. आत नवं पोर रडत व्हतं. मी लोटा कलता केला अन् तिच्या त्या हातावर पाणी ओतलं, सगळा फेस जाईपातूर.

"साबण राह्यल्ता," मी म्हणलं.

तिनं हाताकडं बघितलं, मंग माझ्याकडं. खांद्यावरचा पंचा मी पुढं केला, तिनं हात पुसले. बेगमनं तिच्यासाठी फळांची टोपली अन् लुगडं दिलं. मोटार निघायला लागली तवा तिची कातड्याची पिशवी मीच उचलून आत ठेवली. उजव्या हातानं.